दोन कानांचा नट

दादाच्या गाडीची फाईल नोंदणी कार्यालयात आली आहे हे कळलं, त्या दिवशी पानाबाई दोन घास जास्त जेवली. कित्येक दिवसांनी तिला अन्नाला चव लागली होती. देव उशिरा देतो पण देतो, असं ती मनाशी म्हणाली. यात देवाचा काडीचा संबंध नव्हता हेही तिला माहीत होतं.

पानाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एप्रनच्या खिशात कायम एखादा पाना, म्हणून लोकांनी ठेवलेलं. जुन्या गाड्या दुरुस्त करणं हा तिचा धंदा. एखादी जुनी गाडी नोंदणीला आली, की ती खरीच जुनी आहे की भंगारातून चार तुकडे आणून कुणी जोडली आहे, हे पाहायला कार्यालय तिला परीक्षक म्हणून बोलवायचं. तिने पास म्हटलं की गाडीला नंबर मिळायचा. नापास म्हटलं की गाडीने मालकाच्या आवारात गोल फिरायचं आणि गप्प बसायचं.

परीक्षक आणि मालक यांच्यात नातं नसावं, असा नियम होता. तशी सहीही द्यावी लागायची. लग्नानंतर पानाबाईचं आडनाव बदललं होतं, त्यामुळे कारकुनाला पत्ता लागण्याचं कारण नव्हतं. तिने फाईल मागून घेतली, "नातं नाही" वर सही ठोकली आणि पेनाचं टोपण असं लावलं, की कारकुनाने मान वर करून पाहिलं. तिच्या दृष्टीने ती सही खोटी नव्हतीच. तिच्या लेखी नातं कधीच संपलं होतं.

गाडी ब्रिटिश होती. दोन सीटची, टप नसलेली, लांब नाकाची, हिरवी. म्हणजे हिरवी नंतर झाली. बाबांनी ती आणली तेव्हा तिला रंग असा नव्हताच, नुसता गंज होता, आणि सीटांच्या जागी उंदरांचा संसार. बाबा आणि पानाबाई मिळून शेडमध्ये तिच्यामागे लागले. लग्नाआधी लागले, लग्नानंतरही लागले. सासरहून ती माहेरी यायची ती आईला भेटायला नव्हे, गाडीला भेटायला, असं आई म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. चासीचा गंज त्यांनी हाताने खरवडला. इंजिन बाकावर चढवून पार शेवटच्या वॉशरपर्यंत उघडलं. सिलिंडर घासून घेतले, व्हॉल्व्ह तिने स्वतः बसवले, एकेक हाताने फिरवून, पेट्रोल ओतून गळतं का पाहून. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा बाबा शेडच्या दारात जाऊन उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून. डोळ्यांत धूर गेला म्हणाले.

दादा या सगळ्यात कुठे होता? दादा शर्टाच्या बाह्या न दुमडता दारातून डोकवायचा आणि "अजून चालूच का तुमचं?" म्हणून निघून जायचा. त्याने कधी उजेडाची बॅटरीसुद्धा धरली नाही.

मग बाबा गेले. गाडी जवळजवळ झाली होती. फक्त पुढची चाकं बसवायची राहिली होती आणि रंग. सासरी कुणाच्या आजारपणासाठी पानाबाई चार दिवस गेली, आणि परत येऊन शेडचं कुलूप उघडते तो आत तेलाचा डाग. बाकी काही नाही. सुटे भाग ठेवलेले डबेसुद्धा नेले होते.

"दादा घेऊन गेला," आई म्हणाली. "किल्ली मीच दिली. अशी गाडी मुलाकडेच शोभते. तू काय करणार होतीस तिचं?"

इथवर पानाबाईने गिळलं असतं. आईचं असंच होतं. दादाला ठेच लागली तर दगडाला मारायची आणि पानाबाईला लागली तर "खाली बघून चालावं" म्हणायची. पण पुढे एका मासिकात गाडीचा फोटो आला. चकचकीत हिरवी गाडी, बाजूला गुडघ्यावर बसलेला दादा, हातात तांब्याचा हातोडा, आणि खाली त्याचे शब्द: बाबा आणि मी, आम्ही दोघांनी ही गाडी शून्यातून उभी केली, शेवटी चाकं मी माझ्या हातांनी बसवली. सबंध मजकुरात बहिणीचा उल्लेख नव्हता. पानाबाईने तो फोटो फाडला नाही, जाळला नाही. गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी चिकटवला. रोज सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचं. राग शिळा होऊ नये म्हणून लोक काय काय करतात.

म्हणून ती फाईल.

तपासणीच्या दिवशी गाडी ट्रेलरवरून आली. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे तोवर ती दादाच्या आवाराबाहेर एकदाही धावली नव्हती. ट्रेलरमागून दादाची रोजची गाडी, आणि तिच्यातून उतरली आई. डोक्याला रेशमी रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा. आईला काळ्या चष्म्यात पानाबाई आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

दादाने तिला पाहिलं आणि क्षणभर थबकला. मग त्याचा चेहरा उजळला. चांगलाच उजळला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तूच आहेस होय परीक्षक? बरं झालं. साहेबांना काही बोलू नकोस. चार ओळी लिही आणि मोकळं कर. इथून थेट डोंगरावर जायचंय, आईला पहिली फेरी मारून आणतो. बाबांची इच्छा होती."

बाबांची इच्छा काय होती हे पानाबाईला याच्याकडून कळत होतं. "बघू," ती म्हणाली. आईकडे तिने पाहिलं नाही. आईनेही रुमालाची गाठ नीट करण्याचं निमित्त काढलं.

नोंदणीचे साहेब फाईल घेऊन आले. सरळ माणूस, शिकलेला, गाड्यांमधलं मात्र आकडे सोडून फारसं न कळणारा. ते चासीचा नंबर वाचू लागले आणि पानाबाई गाडीभोवती फिरू लागली. तिला गाडी नुसती नापास करायची नव्हती. फुटक्या दिव्यासाठी नापास केली तर माणूस नवा दिवा लावून पुढच्या आठवड्यात हजर. तिला असं काहीतरी हवं होतं, की दादाला सगळ्यांसमोर कळावं: ही गाडी तू बांधलेली नाहीस, तुला तिचं ओ की ठो कळत नाही. सीटचं कातडं बदललेलं, ते सोडलं. रंग एका छटेने चुकलेला, तेही सोडलं. तिची नजर मांजरासारखी खालून चालली होती, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी ती थांबली.

या गाडीची चाकं स्पोकची. ती चार-पाच बोल्टांवर बसत नाहीत. चाक ज्यावर चढतं त्या मधल्या हबवर एकच मोठा नट येतो, दोन कान असलेला, आणि त्या कानांवर तांब्याच्या हातोड्याने ठोकून तो घट्ट करायचा. डाव्या बाजूचे हब आणि नट सरळ आट्यांचे, उजवीकडचे उलट्या आट्यांचे. दिसायला जुळी भावंडं. बाबांनी तिला ते एका वाक्यात शिकवलं होतं: गाडीच्या कुठल्याही बाजूला उभी राहा, नट पुढच्या दिशेला फिरवला की सुटला पाहिजे. म्हणजे गाडी पळेल तसा तो आवळत जातो. मागच्या दिशेला फिरवून सुटत असेल, तर हब उलट्या बाजूला बसलेत, आणि मग चाक फिरेल तसा नट आपला आपण सुटत जातो. सुटायच्या दिशेचा बाण नटाच्या कानावर कोरलेला असतो.

वरच्या कानावरचा बाण मागे पाहत होता.

ती उठून उजव्या बाजूला गेली. तिथलाही मागे. मागची दोन्ही चाकं तिने आणि बाबांनी बसवलेली. ती बरोबर होती. पुढची दादाने, हबसकट, स्वतःच्या हातांनी, फोटोसाठी.

"चाकांचं काही विशेष?" तिने सहज विचारावं तसं दादाला विचारलं.

"छे. आवारात फिरवताना जरा टकटक करतात, मग दोन ठोके घालतो. नवीन आहेत ना, बसतील जागेवर."

बसतील. डोंगराच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बसतील, चांगली खोल दरीत बसतील.

आणि तेव्हा पानाबाईच्या लक्षात आलं, की तिने काहीच करायची गरज नव्हती. नापास करायला ती आली होती. पण खरं उट्टं तर पास करण्यात होतं. सही करायची, शिक्का मारायचा, हात हलवून निरोप द्यायचा. सुंठीवाचून खोकला गेला असता. तिला वाटावी तशी भीती वाटली नाही. उलट एक गोड ऊब छातीतून वर आली, आणि ती तिथेच उकिडवी बसून ती ऊब घेत राहिली, थंडीत शेकोटीशी बसावं तशी. दादाचं काय व्हायचं ते होऊ दे, असं तिने खरोखर, शब्दाशब्दाने मनात म्हटलं.

मग चाकामागून तिला आईच्या चपला दिसल्या. आई बाजूच्या सीटमध्ये चढायला दार उघडायची खटपट करत होती.

पानाबाई उठली. "नापास," ती साहेबांना म्हणाली. "पुढचे हब उलटे बसवलेत. ही गाडी रस्त्यावर गेली तर चाक निखळेल."

ती हे मोठ्याने बोलली, आणि कबूल करायला हवं, चवीने बोलली. "कुणी बसवलेत कोण जाणे. ज्याला डावं-उजवं कळत नाही अशाने." कारकून हसले. दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते पाहून तिचं कसं पोट भरलं.

दादाने शर्टाच्या बाह्या नीट केल्या. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, एक विचारू? ही माझी सख्खी बहीण आहे, हे हिने तुम्हाला सांगितलंय का?"

साहेबांनी फाईल उघडली. सही पाहिली. मग पानाबाईकडे पाहिलं.

"खरं आहे?"

"खरं आहे. पण बाण बघा साहेब. नटावर बाण आहे, तो..."

"बाई, नातं आहे की नाही?"

"आहे."

"आणि आमचं जमत नाही, साहेब," दादा म्हणाला. आवाजात अगदी दुःख आणलं होतं त्याने. "गाडी मला मिळाली म्हणून ही मला पाण्यात पाहते. आईला विचारा."

आई आता सीटमध्ये बसली होती. तिने काळा चष्मा काढला नाही. "तिचा राग आहे खरा," ती म्हणाली. "लहानपणापासून आहे."

साहेब वाकले, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. ते जागचं हललं नाही. हलणार कसं? सकाळीच ठोकलेला नट तो. "घट्ट आहे की," ते म्हणाले. "बाई, तुमचा अभिप्राय मी बाद धरतो. खोटी सही दिलीत, त्याचं काय करायचं ते मागाहून बघू. नंबर जुळतायत, ब्रेक आहेत, दिवे आहेत. बाकी माझ्या अधिकारात आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

चूक त्यांची नव्हती. पानाबाईला ते तेव्हाही कळत होतं. डूख धरून आलेल्या बाईने आयुष्यात एकदा खरं सांगितलं होतं, आणि डूख धरून आल्यामुळेच तिच्या खरेपणाला कवडीची किंमत उरली नव्हती. ही सही तिने दिली नसती, दुसरा कुणी परीक्षक आला असता, तर त्याने निमूटपणे दोन हब अदलाबदल करायला सांगितले असते आणि दादाने ऐकलं असतं.

ती आईच्या बाजूला गेली. आवाज खाली आणून म्हणाली, "आई, उतर. मी रागाने बोलत नाहीये. चाक निघेल. तू बसू नकोस."

"तुला त्याचं काही चांगलं झालेलं कधी बघवलंच नाही," आई म्हणाली. "निदान बाबांसाठी तरी आज गप्प राहा."

कार्यालयातले कारकून, शिपाई सगळे बाहेर जमले होते. अशी गाडी रोज थोडीच येते. कुणीतरी इंजिन दाखवा म्हणालं. दादाला तेवढंच हवं होतं. त्याने गाडी सुरू केली, खाली उतरला आणि बॉनेट उघडून धरलं. इंजिन मंद, एका लयीत बोलत होतं. तो आवाज पानाबाईने झोपेतही ओळखला असता. तो तिनेच बसवला होता, एकेक व्हॉल्व्ह घासून. दादाने शोभेसाठी दोन्ही कार्बोरेटरवरच्या हवेच्या जाळ्या काढून पितळेची कर्ण्यासारखी तोंडं लावली होती. ती उन्हात चमकत होती आणि हवा ओढत होती.

गाडी थांबवायची कशी, हे पानाबाईला ठाऊक होतं. इंजिनला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला दोन क्लिपा असतात. त्या काढायच्या, आतला बोटाएवढा रोटर खिशात घालायचा आणि चालू पडायचं. इंजिनला ओरखडाही येत नाही, आणि दुसरा रोटर त्या गावात आज तरी मिळाला नसता. ती पुढे झाली, इंजिनवर वाकली, तिचं बोट पहिल्या क्लिपेवर पोचलंसुद्धा.

"हे सगळं मी आणि बाबांनी," दादा शेजारी उभ्या कारकुनाला सांगत होता. "व्हॉल्व्ह तर मी स्वतः बसवले. रात्र रात्र जागून."

पानाबाईने क्लिपेवरचं बोट काढलं.

आवारात फरशीचं काम चाललं होतं. हातभर अंतरावर बारीक खडी आणि कच यांचा ढीग होता. तिने वाकून ओंजळ भरली, घाई न करता, आणि दोन पितळी तोंडांमध्ये निम्मी निम्मी ओतली. मग अंगठ्याने कार्बोरेटरचा दांडा दाबून इंजिनला पूर्ण वेग दिला.

आवाज कसा आला ते सांगण्यासारखं नाही. ज्यांनी इंजिन बांधलंय त्यांनी तो ऐकू नये. आधी कडकड, मग दात खाल्ल्यासारखी करकर, मग आत काहीतरी मोडलं आणि सगळी गाडी एकदा अंग झटकून बंद पडली. बॉनेटच्या कडेने निळा धूर आला. दादा तोंड उघडं टाकून बघत राहिला. बॉनेट अजून त्याने तसंच धरून ठेवलं होतं.

"हिने मारली," तो म्हणाला. "बाबांची गाडी मारली हिने."

"हो," पानाबाई म्हणाली.

साहेब म्हणाले, बाई, यापुढे या आवारात पाय ठेवायचा नाही, आणि पोलिसांना कळवावं लागेल. तिने मान हलवली. ती आईच्या दाराशी गेली, दार उघडलं आणि हात पुढे केला. आईने तो धरला नाही. पण खालची सीट इतकी खोल, की धरल्याशिवाय तिला उठताही येईना. शेवटी दंडाला धरून पानाबाईने तिला बाहेर काढलं आणि जमिनीवर नीट उभं केलं.

आईने काळा चष्मा काढला. डोळे कोरडे होते.

"मिळालं समाधान?"

तिला सांगता आलं असतं, की मी तुझा जीव वाचवला. ते खरं होतं, आणि कुणीतरी पुढेमागे ते नट उघडून पाहिले असते तर सिद्धही झालं असतं. पण जीव वाचवायला रोटर पुरला असता, आणि ते तिच्याइतकं त्या आवारात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"मिळालं," पानाबाई म्हणाली. हाताला लागलेली कच तिने एप्रनला पुसली आणि आईचा दंड सोडला.